एक ना धड

माझी जुनी गाडी विकली त्या दिवशी अण्णा माझ्याशी बोलले नाहीत.

काळ्या रंगाची, जर्मन बनावटीची सेकंड हँड सेडान होती ती. नोकरीत पहिला मोठा बोनस मिळाला तेव्हा घेतलेली. अण्णा एस.टी.त ड्रायव्हर होते, वाई डेपोत. तीस वर्षं त्यांनी लाल गाडी चालवली, पण घरच्या दारात स्वतःची चारचाकी कधी उभी राहिली नाही. सेडान पहिल्यांदा गावी नेली तेव्हा ते पुढे बसलेच नाहीत. मागे, डाव्या बाजूला बसले. साहेब बसतात तसे. मला म्हणाले, "चावडीवरून घे." मी घेतली. दोनदा.

पुण्यात मात्र ती गाडी मला परवडेना. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये लिटरला आठच्या वर जायची नाही, आणि सर्व्हिसिंगचं बिल आलं की त्या महिन्याचा हिशोब कोलमडायचा. शेवटी विकली आणि हायब्रिड घेतली. फोनवर अण्णांनी विचारलं, "लाईटवर चालती का?" म्हटलं, "नाही, पेट्रोलच भरायचं. पण आत इंजिनाबरोबर विजेची मोटरपण आहे." थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "एक ना धड, भाराभर चिंध्या. पेट्रोलची घ्यायची तर पेट्रोलची घे, नायतर सरळ लाईटवरची घे."

ही म्हण डोक्यातून जाईना. म्हणून मी हायब्रिडचा इतिहास वाचायला घेतला, आणि लक्षात आलं की अण्णांचा आक्षेप शंभर वर्षं जुना आहे.

सुरुवात होते 1900 च्या सुमारास, व्हिएन्नात. लोहनर नावाच्या घोडागाड्या बनवणाऱ्या कंपनीत फर्डिनांड पोर्शे नावाचा पंचविशीतला तरुण काम करत होता. हो, तोच पोर्शे. त्यानं पुढच्या चाकांच्या तुंब्यांतच विजेच्या मोटरी बसवल्या होत्या. पण बॅटरी जड आणि लवकर संपणारी. मग त्यानं गाडीवर पेट्रोलची इंजिनंही चढवली. ही इंजिनं चाकं फिरवत नव्हती, फक्त जनित्र फिरवून वीज बनवत होती. गाडीचं नाव ठेवलं 'सेंपर व्हिव्हस', म्हणजे लॅटिनमध्ये 'सदैव जिवंत'. नाव झकास, पण गाडी जड आणि महाग. साध्या पेट्रोल गाड्यांपुढे ही जात टिकली नाही. इंजिनानं वीज बनवायची आणि मोटरीनं चाकं फिरवायची ही कल्पना पुढे रेल्वेनं उचलली. आपल्याकडची डिझेल इंजिनं अशीच चालतात. त्यांत मोठी बॅटरी नसते, म्हणून त्यांना हायब्रिड म्हणत नाहीत इतकंच.

दुसरा प्रयत्न शिकागोत, 1917 साली. वुड्स ही कंपनी विजेच्या गाड्या बनवायची. त्या काळी अमेरिकेत विजेच्या गाड्या चांगल्या खपत, कारण पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढे उभं राहून हँडल मारावं लागे आणि त्यात हात मोडत. पण 1912 मध्ये कॅडिलॅकनं बटनस्टार्ट आणला आणि विजेच्या गाडीचा मोठा फायदाच गेला. मग वुड्सनं 'ड्युअल पॉवर' काढली. ताशी 20 मैलांपर्यंत मोटर, त्यापुढे इंजिन. किंमत अडीच हजार डॉलरच्या वर, तर फोर्डची मॉडेल टी तेव्हा चारशे डॉलरच्या आत मिळत होती. साहजिकच वुड्सची गाडी लवकरच बंद पडली.

या गाडीतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिच्या स्टिअरिंगवर दोन खटके होते, एक विजेचा आणि एक पेट्रोलचा. कुणाकडून किती काम घ्यायचं हे चालवणाऱ्यानं ठरवायचं. म्हणजे दोन यंत्रं एका गाडीत बसवणं तेव्हाही जमत होतं, पण त्यांची वाटणी क्षणाक्षणाला कोण करणार, हा प्रश्न सुटला नव्हता. दोन भाऊ एका घरात ठेवले, पण कारभारी नेमला नाही, अशी गत.

तिसरा प्रयत्न जास्त चुटपुट लावतो. 1970 मध्ये अमेरिकेत हवा प्रदूषणाविरुद्ध कडक कायदा आला आणि स्वच्छ गाडी बनवणाऱ्यांना उत्तेजन देणारी सरकारी योजना निघाली. व्हिक्टर वूक या इंजिनिअरनं (कादंबरीकार हर्मन वूक यांचा हा भाऊ) सहकारी चार्ल्स रोझन यांच्याबरोबर 1972 सालची ब्यूक स्कायलार्क घेतली. चांगली ऐसपैस सेडान. तिचं मोठं इंजिन काढून त्यांनी माझदाचं छोटं रोटरी इंजिन आणि एक विजेची मोटर बसवली. 1974 मध्ये सरकारी प्रयोगशाळेत तिची चाचणी झाली. धूर कितीतरी कमी, पेट्रोलही कमी. तरी योजनेतून ती बाद झाली. 1973 च्या तेलटंचाईत पेट्रोल पंपांवर रांगा लावलेला देश होता हा, आणि त्यानं ती गाडी बाजूला ठेवून दिली.

चौथी गोष्ट जपानमधली. 1993 मध्ये टोयोटानं एकविसाव्या शतकातली गाडी कशी असावी यावर एक गट बसवला. त्याचे प्रमुख झाले ताकेशी उचियामादा. त्यांचं आजवरचं काम गाडीतला आवाज आणि थरथर कमी करण्याचं. अख्खी गाडी त्यांनी कधी केली नव्हती. त्यांचे वडीलही टोयोटात मुख्य इंजिनिअर होते, तेही क्राउन या टोयोटाच्या मानाच्या सेडानच्या तिसऱ्या पिढीवर. हे वाचलं आणि मी थबकले. बापाची ओळख आलिशान सेडान, आणि पोराच्या वाट्याला आली कमी पेट्रोल खाणारी, नाव नसलेली गाडी!

उचियामादांच्या गटानं दीडपट मायलेज देण्याचा आराखडा मांडला. वरून हुकूम आला: दुप्पट पाहिजे. दुप्पट म्हणजे हायब्रिडशिवाय मार्ग नाही. 1995 च्या शेवटी पहिला नमुना तयार झाला आणि 49 दिवस जागचा हलला नाही. हलला तेव्हा जेमतेम पाचशे मीटर गेला. तरीही डिसेंबर 1997 मध्ये गाडी विक्रीला आली. नाव 'प्रियस', लॅटिनमध्ये 'आधीची'. तिच्यात वुड्सचे दोन खटके नव्हते. इंजिन, मोटर आणि जनित्र दातेरी चक्रांच्या एकाच संचात गुंफलेले, आणि वाटणीचं काम कॉम्प्युटरकडे. घराला कारभारी मिळाला. मी रोज कोड लिहिते, त्यामुळे मला हा निव्वळ मोटारीचा इतिहास वाटत नाही. कल्पना 1900 मध्येच तयार होती, ती सॉफ्टवेअरची वाट पाहत होती.

पण मशीन चालली म्हणजे मान मिळाला असं नाही. तो मिळाला 2003 च्या मार्चमध्ये, लॉस एंजेलिसला. ऑस्करच्या सोहळ्याला लांबलचक लिमोझिनमधून उतरायची रीत असताना हॅरिसन फोर्डसारखे काही नामवंत प्रियसमधून उतरले. पर्यावरणवाल्या संस्थेनं ठरवून केलेला कार्यक्रम होता तो, पण परिणाम झाला. पुढे स्टीव्हन आणि ॲलिसन सेक्स्टन या अर्थतज्ज्ञ भावाबहिणीनं अभ्यास करून म्हटलं की लोक प्रियससाठी जास्त पैसे मोजतात, कारण तिच्या वेगळ्या आकारामुळे ती हायब्रिड आहे हे लांबून ओळखू येतं. काटकसरही मिरवता येते. चावडीवरून दोन फेऱ्या मारलेल्या मुलीनं यावर काय बोलावं?

भारतात 2008 मध्ये होंडानं सिव्हिक हायब्रिड आणली, साडेएकवीस लाखांना. खपेना म्हणून त्याच वर्षी किंमत सुमारे आठ लाखांनी उतरवली. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा हायब्रिडवर उपकर धरून 43 टक्के कर लागला, विजेच्या गाडीवर 12. सरकारचंही म्हणणं अण्णांसारखंच: धड काय ते घ्या. आणि त्यात तथ्य आहे. माझ्या गाडीत येणारी सगळी ऊर्जा शेवटी पंपावरूनच येते. ती पेट्रोल वाया कमी घालवते, एवढंच.

पण वाया घालवणं म्हणजे काय हे अण्णांइतकं कुणाला कळतं? डेपोत केपीटीएलचा हिशोब असायचा, दहा लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर. ते म्हणायचे, ब्रेक मारला की डिझेल सांडलं. लांबूनच गर्दी बघून पाय काढायचा. हायब्रिड हेच सांडलेलं गोळा करते. ब्रेक दाबला की चाकं मोटरीला फिरवतात, मोटर वीज बनवते, वीज बॅटरीत जाते.

दिवाळीत पाचगणीहून उतरताना मी किल्ली त्यांच्या हातात दिली. पसरणीचा घाट त्यांनी हजारो वेळा उतरवला असेल. स्क्रीनवर बॅटरीची कांडी वर चढताना ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. निम्म्या घाटात बॅटरी भरली आणि एकदम इंजिनाचा आवाज वाढला.

"उताराला पेट्रोल का खाती ही?"

"खात नाहीये. बॅटरीत जागा संपली, आता इंजिन नुसतं गाडी रोखून धरतंय. तुम्ही एस.टी. खालच्या गिअरमध्ये उतरवायचात ना, तसं."

दोन वळणं ते गप्प होते.

"कोण ठरवतं हे?"

"आतला कॉम्प्युटर."

"त्याला कुणी शिकवलं?"

"माझ्यासारख्यांनी."

"आणि त्यांना घाट कुणी शिकवला?"

मला उत्तर सुचलं नाही. खाली वाईत आल्यावर त्यांनी स्क्रीनवरचं मायलेज विचारलं. लिटरला 23. त्यांनी मनात दहानं गुणलं आणि हळूच म्हणाले, "दोनशे तीस."

चावडीवरून घे, असं मात्र ते अजून म्हणालेले नाहीत.