चाकातली हवा आणि समोरचा दिवा

राज्ये, तह आणि लढाया यांचा विचार करावयास सरावलेल्या श्रोत्यांपुढे मोटारीतील एका लहानशा पिवळ्या दिव्याचा इतिहास मांडावयाचा, हे काहींना थट्टेचे वाटेल. परंतु इतिहास केवळ सिंहासनांचा नसतो. रोजच्या वापरातील वस्तूंनाही तो असतो, आणि पुष्कळदा तो अधिक किमतीने लिहिलेला असतो. चालकासमोरील फलकावर टायरच्या उभ्या छेदाची आकृती व तीत उद्गारचिन्ह असा जो दिवा लागतो, तो चाकातील हवा कमी झाल्याची सूचना देतो. आज आपणांस त्याचीच कुळकथा पाहावयाची आहे.

हा दिवा लागला की पुष्कळांची वागणूक ठरलेली असते. एक जण गाडीभोवती फेरी मारतो, चाकांना पायाने ठोकरून पाहतो, ‘हवा तर आहे’ असे म्हणतो व गाडी सुरू करतो. दुसरा ‘यंत्रच बिघडले असेल’ असे समजून दिव्याकडे पाहावयाचेच सोडतो. आम्हीही कित्येक दिवस या दोन्ही वर्गांत आळीपाळीने मोडत होतो. हा दिवा तेथे कसा आला हे कळल्यावर मात्र आमची ती सवय सुटली.

मुळापासून पाहू. रबरी वेष्टनात हवा कोंडून तिच्यावर गाडी चालवावी, ही कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ साली पेटंट घेऊन मांडली. ती काळाच्या फार पुढे होती, म्हणून विसरली गेली. पुढे बेलफास्ट येथे जनावरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच युक्ती नव्याने शोधली आणि १८८८ साली पेटंट घेतले. १८९५ साली पॅरिस–बोर्दो–पॅरिस या शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेच्या टायरांवर मोटार धाववली आणि सायकलीची ही सोय मोटारीच्या दाराशी आली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. गाडीचा भार रबर उचलीत नाही. तो आत कोंडलेली हवा उचलते. रबर हे केवळ त्या हवेचे पात्र. बैलगाडीच्या चाकाची धाव सैल झाली तर ती खडखडते, गाडीवानाला कळते. हवा मात्र मुकाट्याने जाते. चांगल्या टायरातूनही ती महिन्याला सुमारे एक पाउंड झिरपते. शिवाय आजचा रेडियल टायर बुडाशी मुळातच थोडा फुगीर दिसतो. त्यामुळे बत्तीस पाउंड आणि पंचवीस पाउंड यांतील फरक डोळ्यांना कळत नाही, मग पायाच्या ठोकरीला कोठून कळणार?

हवा कमी असली म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू अधिक दबते आणि पुन्हा ताठ होते. या सततच्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते. वेग, ओझे आणि उन्हाळा यांची तीत भर पडली की आतील पोलादी तारांचे पट्टे आणि रबर यांची पकड सुटू लागते. शेवटी जमिनीला टेकणारा वरचा थर सोलून निघतो किंवा टायर फुटतो. हे सारे घडेपर्यंत गाडी सुरळीत चाललेली असते, हीच त्यातली फसगत.

ही उणीव यंत्राने भरून काढण्याची सोय प्रथम श्रीमंतांच्या वाट्याला आली. १९८६ सालच्या पोर्शे ९५९ या जर्मन मोटारीत दाब सांगणारी योजना होती. ती काही मोजक्या महागड्या गाड्यांचे भूषण म्हणून राहिली. तिला सर्वांच्या गाडीत आणले ते शोधकाने नव्हे, अपघातांनी.

अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर या उंच गाडीला फायरस्टोन कंपनीचे टायर बसविलेले असत. या दोन कंपन्यांचा व्यवहार १९०६ पासूनचा. हेन्री फोर्ड आणि हार्वे फायरस्टोन हे मित्र, आणि १९४७ साली तर दोन्ही घराण्यांत सोयरीकही झाली. अशा या जोडीच्या गाड्यांचे टायर भर वेगात सोलून निघू लागले आणि गाड्या उलटू लागल्या. मे २००० मध्ये सरकारी चौकशी सुरू झाली. ऑगस्टमध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागविले. पुढे अमेरिकेत या टायरांशी संबंधित म्हणून नोंदलेल्या मृत्यूंची संख्या २७१ वर गेली.

मग दोष कोणाचा, हा वाद पेटला. फोर्डने या गाडीसाठी २६ पाउंड हवा सुचविली होती. इतक्या कमी दाबात पुढे हवा झिरपली तर सुरक्षिततेला वावच उरत नाही, असे फायरस्टोनचे म्हणणे. टायरच सदोष, असे फोर्डचे. मे २००१ मध्ये जवळजवळ शंभर वर्षांचा संबंध तुटला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात सरकारी चौकशीने टायरांच्या रचनेतच दोष असल्याचा निर्वाळा दिला. तेव्हा सारे खापर हवेवर फोडणे न्यायाचे होणार नाही. परंतु या वादातून एक सत्य उघडे पडले. गाडीत बसलेल्या माणसाला आपल्या चाकांत किती हवा आहे याचा पत्ताच नव्हता. २००१ च्या सरकारी पाहणीत तर चौथ्या हिश्श्याहून अधिक मोटारींचे निदान एक चाक फारच कमी हवेवर चाललेले आढळले.

चौकशी पुरी होण्यापूर्वीच, १ नोव्हेंबर २००० रोजी, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी एका कायद्यावर सही केली. त्यातील एका कलमाचा आशय असा, की टायरमधील हवा फार कमी झाल्यास चालकाला इशारा मिळालाच पाहिजे. प्रश्न उरला तो इशारा कसा द्यावयाचा हा. मार्ग दोन होते. पहिल्यात प्रत्येक चाकात दाब मोजणारे लहान यंत्र बसते व ते बिनतारी संदेश पाठविते. दुसरा मार्ग स्वस्त : हवा गेलेले चाक किंचित लहान होते, म्हणून इतरांपेक्षा जलद फिरते, चाके अडकू न देणाऱ्या ब्रेकच्या यंत्रणेकडून हा फरक ओळखावयाचा. परंतु यात व्यंग होते. चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर तुलना कोणाशी करणार? आणि महिनोन्‌महिने हवा न भरणाऱ्या माणसाच्या गाडीत नेमके हेच घडते.

राष्ट्राध्यक्षांच्या अंदाजपत्रक कार्यालयाने खर्चाचा हिशेब पुढे करून स्वस्त मार्गाची बाजू घेतली. २००२ च्या नियमाने उत्पादकांना मुभा दिली : चारही चाकांवर नजर ठेवून २५ टक्के घट दाखवा, किंवा एकाच चाकाची ३० टक्के घट दाखवा. या मुभेविरुद्ध ‘पब्लिक सिटिझन’ ही ग्राहकांची संस्था व तिचे सहकारी न्यायालयात गेले. संस्थेच्या अध्यक्षा जोन क्लेब्रुक या १९७७ ते १९८१ या काळात त्याच सरकारी सुरक्षा खात्याच्या प्रमुख होत्या. ऑगस्ट २००३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की कायद्याला चारही चाकांवरील पहारा अभिप्रेत आहे. एका चाकाची सवलत त्यात बसत नाही. नियम रद्द झाला. २००५ साली नवा नियम आला आणि सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेतील प्रत्येक नव्या हलक्या गाडीत हा दिवा सक्तीचा झाला. युरोपने नव्या नमुन्यांसाठी २०१२ आणि सर्व नव्या मोटारींसाठी २०१४ पासून तेच केले. २०१२ च्या अमेरिकन सरकारी अहवालानुसार, या योजनेमुळे धोकादायक रीतीने हवा कमी असण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले.

आता या इतिहासातून व्यवहाराची गोष्ट काढू. अमेरिकन नियम पंचवीस टक्क्यांचा आहे. म्हणजे बत्तीस पाउंडांचे चाक चोवीसवर आले की दिवा लागतो, तोही वीस मिनिटांच्या आत लागला म्हणजे नियम पाळला गेला. तेव्हा दिवा न लागणे म्हणजे हवा ठीक असणे नव्हे. तो आळशी पहारेकरी नाही, पण उशिरा ओरडणारा आहे. महिन्यातून एकदा, गाडी गार असताना, दाब मोजून घेण्याचे काम तो आपल्या अंगावरून काढून घेत नाही. भरावयाचा आकडा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर असतो. टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरावयाचा नव्हे. थंडीच्या पहाटे दिवा लागून उन्हात विझला, तर तो खोटे बोलला असे समजू नये : हवा गार झाली की दाब उतरतो, आणि काठावर असलेले चाक रेषेखाली जाते. चालून तापलेल्या टायरात दाब वाढलेला दिसतो, म्हणून हवा सोडू नये. दिवा प्रथम काही वेळ मिचकावून मग स्थिर झाला, तर मात्र बहुधा यंत्रणेतच बिघाड असतो. आणि धावत्या गाडीत दिवा लागलाच, तर वेग हळूहळू कमी करून, करकचून ब्रेक न मारता, सुरक्षित जागी थांबून चाके पाहावीत व दाब मोजावा.

हे आपल्यालाही दूरचे राहिलेले नाही. २०२० साली भारत सरकारने नियमांत बदल केला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीत ट्यूबविरहित टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारी योजना आणि पंक्चर काढण्याचे साहित्य असेल, तर स्टेपनी नसली तरी चालेल, अशी मुभा त्याने दिली. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर–शिर्डी समृद्धी महामार्ग सुरू झाला. त्या सरळ, तापलेल्या काँक्रीटवर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठविण्याची पाळी परिवहन अधिकाऱ्यांवर आली. म्हणजे आपला वेग वाढला आहे, आणि पाठीशी असलेली स्टेपनी कित्येक गाड्यांतून उतरली आहे. तिच्या जागेचा काही भार आता या दिव्याने उचलला आहे.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. पण मागचा आपोआप शहाणा होत नाही. ठेच कोणाला लागली हे त्याने जाणून घ्यावे लागते. ज्यांच्या अपघातांतून हा दिवा आला त्यांच्यासमोर तो नव्हता. आपल्यासमोर तो आहे. तो लागला असता चाकाला ठोकर न मारता गाडी थांबवून हवा मोजणे, एवढे तरी त्या माणसांचे ऋण आपल्यावर आहे, असे आम्हांस वाटते.