एक शब्द, तीन स्वभाव

जुन्या स्पॅनिश ग्रंथांत एखाद्या सेनानीला 'बिथार्रो' म्हटलेले आढळते. अर्थ शूर, दिलदार. हाच शब्द फ्रेंचमध्ये 'बिझार' होतो आणि तिथे त्याचा अर्थ विचित्र, विक्षिप्त. दोन्ही भाषा एकाच लॅटिनच्या लेकी. मग एकीकडे गौरव आणि दुसरीकडे टवाळी, हे कसे घडले?

माग काढत गेले की आपण इटलीत पोचतो. तिथला 'बिद्झार्रो' मुळात रागीट. १३२१ मध्ये निधन पावलेल्या दान्तेने 'डिव्हाइन कॉमेडी'च्या नरकखंडात, आठव्या सर्गात, फिलिप्पो अर्जेन्ती या फ्लॉरेन्सच्या शीघ्रकोपी माणसाला हे विशेषण लावले आहे. इटालियनमध्ये 'बिद्झा' म्हणजे रागाचा झटका. त्यावरूनच हा शब्द आला, असे अनेक अभ्यासक मानतात.

बास्क भाषेत 'बिसार' म्हणजे दाढी. दाढीवाल्या शूर शिपायांवरून शब्द निघाला, अशीही एक व्युत्पत्ती फार काळ सांगितली गेली. गोष्ट चांगली आहे, पण काळाचे गणित जुळत नाही. स्पॅनिशमध्ये हा शब्द सोळाव्या शतकात दिसू लागतो. इटलीत तो त्याआधी दोनशे वर्षे रुळलेला होता.

तापट माणसाकडे दोन नजरांनी पाहता येते. स्पॅनिश माणसाला त्याच्यातली धडाडी दिसली, फ्रेंचांना लहरीपणा. पोर्तुगीजांनी दोन्ही अर्थ सांभाळले. इंग्रजीने सतराव्या शतकात फ्रेंच अर्थच उचलला.

आपल्याला याचे नवल वाटायला नको. धर्मशास्त्रात 'साहस' हा बळजबरीचा गुन्हा होता, मराठीत तो गुण झाला. 'विचित्र' म्हणजे संस्कृतात नाना रंगांचे, मनोहर. आपण त्याला नाक मुरडतो.

पुढे फ्रेंच-इंग्रजीच्या प्रभावाने स्पॅनिश लोकही हा शब्द 'विचित्र' याच अर्थाने वापरू लागले. २००५ च्या स्पॅनिश शंकानिरसन कोशाने हा वापर टाळण्यास बजावले. लोकांनी ऐकले नाही. अखेर माद्रिदच्या अकादमीच्या कोशातही नवा अर्थ दाखल झाला.

लोकांच्या तोंडी बसलेला अर्थ चूक कसा म्हणायचा? पण त्यामुळे एक अडचण मात्र उभी राहते. आजचा स्पॅनिश तरुण जुन्या ग्रंथातला 'बिथार्रो' सेनानी वाचून हसेल, आणि ज्याचा गौरव झाला होता तो वीर त्याच्या लेखी चक्रम ठरेल. म्हणून जुने पुस्तक उघडताना शब्दाबरोबर त्याचा काळही पाहावा.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)