वाहन ओळख क्रमांक (चासी नंबर)

वाहन ओळख क्रमांक : मोटार, ट्रक, रिक्षा, दुचाकी अशा प्रत्येक वाहनाच्या सांगाड्यावर कारखान्यात कायमचा कोरला जाणारा, अक्षरे व अंक मिळून १७ चिन्हांचा क्रमांक. बोलीत यालाच ‘चासी नंबर’ म्हणतात. नंबरप्लेटवरचा नोंदणी क्रमांक परिवहन कार्यालय देते आणि वाहन दुसऱ्या राज्यात कायमचे गेले तर तो सामान्यतः बदलतो. चासी नंबर कारखाना देतो आणि वाहन मोडीत निघेपर्यंत तोच राहतो. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड, आकुर्डी, भोसरी, चाकण व तळेगाव हा पट्टा देशातील मोठ्या वाहननिर्मिती केंद्रांपैकी एक असल्याने या क्रमांकाचे संपूर्ण चक्र, म्हणजे पंचिंग, नोंदणी, पडताळणी आणि प्रसंगी बनावटगिरीचा तपास, याच परिसरात पाहता येते.

संकेतांचे तीन स्तर. कोणत्याही उत्पादित वस्तूवरचा संकेत तीनपैकी एका प्रश्नाचे उत्तर देतो : वस्तू कोणत्या प्रकारची, कोणत्या खेपेतली किंवा नेमकी कोणती. मुलांच्या संग्रहातल्या ‘यु-गि-ओ’ या खेळाच्या पत्त्यावर संचाचे लघुनाम, भाषेची खूण व संचातील अनुक्रम छापलेला असतो आणि डाव्या कोपऱ्यात आठ अंकी संकेत असतो. हे दोन्ही संकेत फक्त प्रकार सांगतात. त्या पत्त्याच्या हजारो प्रतींवर तेच छापलेले असते. पुस्तकाचा आयएसबीएनही तसाच. मर्यादित संख्येत काढलेल्या पत्त्यावर ‘९९ पैकी २५’ असा आकडा असेल, तरच ती एक प्रत इतरांपासून वेगळी ठरते. मोबाइलचा १५ अंकी आयएमईआय आणि वाहनाचा चासी नंबर या तिसऱ्या स्तराचे आहेत : त्यांच्या पहिल्या भागात प्रकार कळतो आणि शेवटच्या भागात एकच एक नग.

इतिहास व मानके. अमेरिकेतील मोटार कंपन्या १९५४ पासून वाहनांवर ओळख क्रमांक टाकत होत्या, पण प्रत्येकीच्या क्रमांकाची लांबी व पद्धत निराळी होती. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७७ मध्ये आयएसओ ३७७९ हे मानक प्रसिद्ध केले आणि अमेरिकेने १९८१ च्या मॉडेलपासून १७ चिन्हांचा क्रमांक सक्तीचा केला. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२२ नुसार वाहनावरील ओळख क्रमांकातून निर्मितीचा महिना व वर्ष कळणे आवश्यक आहे. क्रमांकाची रचना, जागा व कोरण्याची पद्धत यांचे तपशील ‘एआयएस-०६५’ या २००४ च्या मानकात आहेत. ही एआयएस मानके तयार करणाऱ्या समितीचे सचिवालय १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्यातील ‘एआरएआय’ या संस्थेकडे आहे.

रचना. क्रमांकात दहा अंक आणि २३ रोमन अक्षरे वापरतात. आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वर्ज्य आहेत, कारण धातूवर कोरल्यावर ती १ आणि ० पासून वेगळी ओळखू येत नाहीत. १७ चिन्हांचे तीन गट पडतात.

पहिली तीन चिन्हे निर्मात्याची. पहिल्या दोन चिन्हांवरून देश ठरतो; भारताला एमए ते एमई ही मालिका मुख्यतः दिलेली आहे. जपानी निर्मात्यांचा संकेत जे पासून, जर्मन डब्ल्यू पासून, मेक्सिकोतील ३ पासून सुरू होतो. वर्षाला मोजकीच वाहने बनवणाऱ्या छोट्या निर्मात्याच्या संकेतात तिसरे चिन्ह ९ असते आणि त्याची उरलेली ओळख बाराव्या ते चौदाव्या जागी देतात.

चौथ्या ते नवव्या चिन्हापर्यंतचा गट वर्णनाचा : मॉडेल, बॉडीचा प्रकार, इंजिन, इंधन, चाकांमधील अंतर इत्यादी. कोणत्या अक्षराचा अर्थ काय, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. त्यामुळे एका कंपनीचा तक्ता दुसरीच्या गाडीला लावून चालत नाही.

शेवटची आठ चिन्हे त्या एका वाहनाची. त्यात दहावे चिन्ह वर्षाचे आणि अकरावे बहुधा कारखान्याचे असते. भारतीय क्रमांकात महिन्याचेही एक अक्षर असते. त्याची जागा व अर्थ कंपनीगणिक बदलतात. उरलेले आकडे अनुक्रमाचे.

वर्षाचे चक्र. वर्षासाठी वरील ३३ चिन्हांतून यू, झेड आणि ० आणखी वगळले जातात. उरलेल्या ३० चिन्हांमुळे ३० वर्षांनी तेच चिन्ह परत येते. १९८० साठी ए होता, २००० साठी वाय, २००१ ते २००९ साठी १ ते ९ आणि २०१० ला पुन्हा ए आला. २०२३ ला पी, २०२४ ला आर, २०२५ ला एस आणि २०२६ ला टी. मध्ये आय, ओ, क्यू गाळले जात असल्याने बोटांवर मोजताना चूक होते. जानेवारीत नवी गाडी घेणाऱ्याला हे अक्षर उपयोगी पडते. शोरूममधील गाडी मागच्या वर्षीची असेल तर ते दहाव्या जागी दिसते, आणि पुनर्विक्रीची किंमत निर्मितीच्या वर्षावर ठरत असल्याने सवलत मागायला तेवढे कारण पुरते.

पडताळा अंक. अमेरिका व कॅनडात नववे चिन्ह पडताळ्याचे असते. प्रत्येक अक्षराला ठरावीक अंकी मूल्य देऊन, त्याला जागेच्या भाराने गुणून बेरीज करतात व ११ ने भागतात. उरणारी बाकी नवव्या जागी यावी लागते. बाकी १० असल्यास तिथे एक्स लिहितात. सतराही जागी १ असलेल्या काल्पनिक क्रमांकाची बेरीज ८९ येते, ११ ने भागून बाकी १ उरते आणि नववे चिन्हही १ असल्याने तो गणिताच्या कसोटीला उतरतो. असे वाहन मात्र कुठेच नसते. पडताळा अंकाने लिहिताना झालेली चूक पकडता येते, खरेपणा सिद्ध होत नाही. भारतात हा अंक बंधनकारक नाही. त्यामुळे अमेरिकी पद्धतीच्या गणकात भारतीय क्रमांक ‘अवैध’ दाखवला गेला, तरी तेवढ्यावरून गाडीवर संशय घेण्याचे कारण नाही.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील संकेत. पिंपरीत १९६० च्या दशकात टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आली. तिच्या वाहनांचा संकेत एम-ए-टी. आकुर्डीत बजाज ऑटो वाढली आणि १९९९ पासून चाकणलाही तिचा कारखाना सुरू झाला. तिचा संकेत एम-डी-२. आकुर्डीचीच बजाज टेम्पो २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाली. तिचा संकेत एम-सी-१. चाकणला कारखाना असलेल्या महिंद्राचा संकेत एम-ए-१. फोक्सवॅगनचा चाकण कारखाना ३१ मार्च २००९ रोजी सुरू झाला. जर्मनीत बनलेल्या फोक्सवॅगन मोटारीवर डब्ल्यू-व्ही-डब्ल्यू असते, तर चाकणच्या मोटारीवर एम-ई-एक्स. बोनेटवरचे चिन्ह एकच असले तरी निर्माता संकेत वेगळा. एम-ई-एक्सचा मेक्सिकोशी संबंध नाही. अर्थात चाकणला बनलेल्या मोटारी मेक्सिकोला मोठ्या संख्येने निर्यात झाल्या आहेत.

कंपनीचे कारखाने अनेक ठिकाणी असले तरी निर्माता संकेत बहुधा एकच राहतो. म्हणून पहिल्या तीन चिन्हांवरून गाडी ‘पिंपरीची’ आहे असे म्हणता येत नाही. त्यासाठी कारखान्याचे अक्षर पाहावे लागते.

पंचिंग. सांगाडा किंवा बॉडी शेल जोडणीच्या लाइनवर असतानाच क्रमांक टाकला जातो. हल्ली हे काम संगणकाला जोडलेले डॉट पीन यंत्र करते. कठीण सुई बारीक ठिपके मारत अक्षर उमटवते. दुचाकीत हा क्रमांक सामान्यतः हँडलखालच्या स्टीअरिंग हेडवर, ट्रकमध्ये सांगाड्याच्या लांब तुळईवर आणि मोटारीत बोनेटखाली किंवा पुढच्या सीटखालच्या पत्र्यावर सापडतो. पुढे इंजिन बसवताना त्याचा स्वतंत्र क्रमांक या चासी नंबरशी जोडून नोंदवतात. विद्युत वाहनात इंजिनाऐवजी मोटरचा क्रमांक नोंदला जातो.

सुट्या भागांवरील संकेत. भोसरी व चाकणच्या लघुउद्योगांत बनणाऱ्या भागांवर पार्ट नंबर प्रकार सांगतो आणि बॅच कोड खेप. फोर्जिंगच्या भागावरचा हीट नंबर पोलाद भट्टीच्या कोणत्या ओतीतून आले ते दाखवतो. प्लॅस्टिकच्या भागावर बारा महिन्यांची लहान गोल तबकडी व बाण उमटलेला दिसतो. ही साच्यातल्या डेट इन्सर्टची खूण. टायरच्या बाजूला चार अंक असतात : २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. चाकणलाच ब्रिजस्टोनचा टायर कारखाना आहे. एखादी खेप सदोष निघाली तर बॅच कोडवरून तो भाग कोणकोणत्या चासी नंबरांवर बसला, हे शोधून तेवढीच वाहने परत बोलावता येतात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम ११० ए नुसार केंद्र सरकारही सदोष वाहने परत घेण्याचा आदेश देऊ शकते.

नोंदणी व व्यवहार. नव्या गाडीच्या पासिंगच्या अर्जात चासी नंबर असतोच. पिंपरी-चिंचवड परिवहन कार्यालयाचा संकेत एमएच-१४, पुण्याचा एमएच-१२. गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना किंवा कर्ज घेताना चासी प्रिंट मागतात : कोरलेल्या अक्षरांवर कागद धरून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. ‘वाहन’ या केंद्रीय प्रणालीवर ऑनलाइन कामासाठी चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे विचारले जातात. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना अतिसुरक्षित नंबरप्लेट लागते. चारचाकीच्या पुढच्या काचेवरील स्टिकरवर इंजिन व चासी क्रमांकही असतात.

खाडाखोड व तपास. चोरीच्या गाडीचा क्रमांक घासून अपघातात निकामी झालेल्या गाडीचा क्रमांक तिथे ठोकणे, ही जुनी युक्ती. मात्र पंच मारताना अक्षराखालचा धातूही दबलेला असतो. वरचा थर घासला तरी हा दबलेला भाग आम्लयुक्त रसायनाला वेगळा प्रतिसाद देतो आणि मूळ आकडे पुसट दिसू लागतात. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा या पद्धतीने पुसलेले क्रमांक वाचतात. असमान अंतर, वेगळ्या उंचीचे आकडे, आजूबाजूला वेल्डिंगचा थर किंवा एवढ्याच जागी ताजा रंग ही साध्या डोळ्यांना दिसणारी लक्षणे. चोरीच्या वाहनांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ प्रणालीत चासी व इंजिन क्रमांकावरून तपासता येते.

जुनी वाहने. १७ चिन्हांची पद्धत रुळण्यापूर्वीच्या गाड्यांवर लहान क्रमांक आढळतात; ते कंपनीच्या त्या काळच्या नोंदींशिवाय उलगडत नाहीत. जुनी स्कूटर वा मोटार जमवणाऱ्यांच्या व्यवहारात चासी व इंजिन मूळ जोडीचे असणे किमतीत धरले जाते. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवून ‘व्हीए’ अक्षरांची मालिका मिळते. त्यासाठी चासी, बॉडी शेल व इंजिनात मोठे बदल झालेले नसावे लागतात.

मर्यादा. गाडी किती चालली, तिला अपघात झाला का, मालक किती झाले, यांतले काहीही या क्रमांकात नसते. ती माहिती परिवहन कार्यालय, विमा कंपनी व सर्व्हिस सेंटरच्या नोंदींत असते. क्रमांक फक्त त्या नोंदींपर्यंत नेतो. म्हणून जुनी गाडी घेताना धातूवरचा क्रमांक, नोंदणी प्रमाणपत्रावरचा (आरसी) क्रमांक आणि ‘वाहन’वरची नोंद ही तिन्ही शेजारी-शेजारी ठेवून एकेक चिन्ह जुळवावे. कोरलेली अक्षरे गंजून वाचेनाशी झाली असतील, तर परस्पर पंचिंग करून न घेता आधी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी.