तळटीप : डाळिंबाची मर आणि गाजराची चकती

* अंथुर्णे आणि इंदापूर तालुक्यातील इतर बागांमधली डाळिंबाची ‘मर’ बऱ्याचदा सेराटोसिस्टिस फिम्ब्रिएटा या बुरशीमुळे होते. आधी एखादी फांदी पिवळी पडते, मग बघता बघता सगळे झाड वाळते. खोड आडवे कापले, तर लाकडात काळपट-करडे, तारकाकृती डाग दिसतात.

निदान पक्के करायचे तर बुरशी वेगळी काढून वाढवावी लागते. नेहमीचे माध्यम म्हणजे एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम बटाट्यांचा अर्क, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि १५ ते २० ग्रॅम अगार. ते १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक करतात. पण रोगट लाकूड थेट त्यावर ठेवले, की भराभर वाढणाऱ्या इतर बुरश्या सगळी बशी व्यापतात.

यावर मोलर आणि डीव्हे या संशोधकांनी १९६८ मध्ये तोड सुचवली. गाजराच्या दोन ताज्या चकत्यांमध्ये लाकडाचा तुकडा दाबून तो ओलसर डब्यात, साधारण २५ अंश सेल्सिअसला ठेवायचा. आठवडा-दहा दिवसांत चकतीवर लांब मानेच्या सुरईसारखी, इवलीशी काळी बीजाणुफळे उगवतात. मानेच्या टोकाशी बीजाणूंचा फिकट, चिकट थेंब असतो. तो सुईने उचलून बटाट्याच्या माध्यमावर नेला, की शुद्ध वाढ मिळते.

तपासणीसाठी पाने देऊ नयेत. नुकत्याच पिवळ्या पडू लागलेल्या झाडाच्या मुळा-खोडाचे रंग बदललेले तुकडे द्यावेत. पार वाळलेल्या झाडात इतर बुरश्यांचीच गर्दी असते.