गर्दी किती होती, आणि कोण आलं नव्हतं?

6 सप्टेंबर 1997 ला लंडनमध्ये प्रिन्सेस डायनाची अंत्ययात्रा निघाली आणि जगभरात 250 कोटी लोकांनी ती टीव्हीवर पाहिली, असं तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. आजही हा आकडा बिनदिक्कत छापला जातो. आता जरा कागद-पेन घ्या. त्या वर्षी जगाची लोकसंख्या होती 590 कोटींच्या आसपास. म्हणजे दर पाच माणसांपैकी दोघं टीव्हीसमोर. त्यात तान्ही बाळं आली, वीज नसलेली गावं आली, आणि ज्यांच्याकडे तेव्हा मध्यरात्र किंवा पहाट होती तेही आले. जगभरातले प्रेक्षक एकाच पद्धतीने मोजणारी यंत्रणा तेव्हा नव्हतीच. मग मोजलं कुणी?

ब्रिटनमधला आकडा मात्र मोजलेला आहे. तिथे निवडक घरांतल्या टीव्हीला मीटर लावून प्रेक्षकांचा अंदाज काढतात. त्यानुसार 3 कोटींहून थोड्या जास्त लोकांनी अंत्यविधी पाहिला. प्रचंड संख्या आहे, यात वाद नाही. पण तेव्हा ब्रिटनची लोकसंख्या सुमारे 5 कोटी 80 लाख होती. म्हणजे जो देश 'एकदिलाने रडला' असं आपण वाचतो, त्यातल्या निम्म्याच्या जवळपास लोकांनी हा कार्यक्रम लावलाच नव्हता.

ते काय करत होते? संशोधनासाठी विषय शोधत असाल, तर माझ्या मते तुमचं काम इथून सुरू होतं.

प्रसिद्ध व्यक्तीच्या मृत्यूनंतरच्या शोकावर शोधनिबंध करायचा म्हटलं की आपण आधी काय गोळा करतो? वर्तमानपत्रांची पहिली पानं, फोटो, अग्रलेख, फार तर शोकसंदेशांच्या वह्या. सोपं असतं, सगळं एका ठिकाणी मिळतं. पण ही सगळी साधनं आलेल्यांची आहेत. केन्सिंग्टन पॅलेसबाहेरच्या फुलांच्या ढिगाचा फोटो निघतो; फुलं न नेणाऱ्याचा फोटो कोण काढणार? सेंट जेम्स पॅलेसमध्ये आधी चार-पाच शोकवह्या ठेवल्या होत्या, रांग वाढत गेली तशा त्या शेवटी चाळीसच्या वर गेल्या. त्या वह्या मोलाच्या आहेतच. पण कित्येक तास रांगेत उभं राहून टेबलापाशी पोचलेला माणूस, मागे शेकडो लोक ताटकळत असताना, 'मला खरं तर फारसं काही वाटलं नाही' असं लिहील का?

ब्रिटनच्या अभ्यासकांचं नशीब असं, की त्यांच्याकडे न रडणाऱ्यांचीही कागदपत्रं होती. मास ऑब्झर्वेशन नावाचा उपक्रम तिथे 1937 साली सुरू झाला. टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज आणि हम्फ्री जेनिंग्ज हे तिघं त्यामागे होते. निमित्त बघा: 1936 च्या डिसेंबरात आठव्या एडवर्डने गादी सोडली, तेव्हा 'जनतेला काय वाटतं' हे वर्तमानपत्रं ठासून सांगत होती, आणि जनतेला मात्र कुणीच विचारलं नव्हतं. मग या मंडळींनी साध्या माणसांकडून रोजनिश्या आणि प्रश्नांची उत्तरं लिहून घ्यायला सुरुवात केली. मधे काम थंडावलं, 1981 मध्ये नव्या रूपात पुन्हा सुरू झालं. ससेक्स विद्यापीठाच्या या संग्रहाकडून देशभरच्या स्वयंसेवकांना वर्षातून काही वेळा प्रश्नावली जाते. लोक निवांत, हवं तेवढं, नाव उघड न होता लिहितात. 1997 मध्ये डायनाच्या मृत्यूबद्दलही अशीच विचारणा झाली.

त्या उत्तरांवर जेम्स थॉमस या इतिहासकाराने 2002 मध्ये पुस्तक लिहिलं, 'डायनाज मोर्निंग: अ पीपल्स हिस्टरी'. शक्य असेल तर मिळवून वाचाच. त्याला दिसलेलं चित्र टीव्हीवरच्या चित्रापेक्षा बरंच गुंतागुंतीचं होतं. काहींना मनापासून दुःख झालं होतं. काहींना त्या दुःखापेक्षा त्याच्या प्रदर्शनाचा वैताग आला होता. आपल्यातच काही कमी आहे की काय, सगळा देश रडतोय आणि आपण कोरडे, या विचाराने काही जण अस्वस्थ होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे कप्पे पक्के नव्हते. एकच माणूस सोमवारी चिडलेला असायचा आणि शनिवारी अंत्यविधी बघताना त्याचे डोळे भरून यायचे. कधी ते भरून येणं डायनासाठी नसायचं, स्वतःच्या घरातल्या जुन्या मृत्यूसाठी असायचं.

आता या साधनाचीही उलटतपासणी करायला हवी, नाहीतर तुमचा गाईड करेल. मास ऑब्झर्वेशनला लिहिणाऱ्यांत वयस्कर माणसं, बायका आणि दक्षिण इंग्लंडमधले लोक प्रमाणाबाहेर जास्त. शिवाय ज्याला लिहायची हौस आहे तोच लिहिणार. त्यामुळे 'इतके टक्के ब्रिटिश उदासीन होते' असं यातून काढता येत नाही. थॉमसही टक्केवारीच्या मागे लागत नाही. एकमताचा दावा टिकत नाही एवढं दाखवायला ही उत्तरं पुरतात, आणि ते काही कमी नाही.

सिद्धांताचं थोडक्यात सांगतो. दोन नावं तुम्हाला लागतीलच. दुर्खीमने 1912 च्या धर्मावरच्या ग्रंथात म्हटलंय की शोक ही नुसती आतून आलेली भावना नसते, समूहाने लादलेलं ते कर्तव्य असतं. आणि हॉर्टन व वोल यांनी 1956 मध्ये 'पॅरासोशल' नात्याची कल्पना मांडली: पडद्यावरचा माणूस आपल्या ओळखीचा वाटतो, त्याला मात्र आपण ठाऊक नसतो. बहुतेक प्रबंध दुसऱ्या कल्पनेवर उभे राहतात, कारण ती गोड आहे. मला दुर्खीम जास्त उपयोगी वाटतो. का, ते आपल्याकडची उदाहरणं घेतली की कळेल.

लोकमान्य टिळक 1 ऑगस्ट 1920 ला मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत सरदारगृहात गेले. गिरगाव चौपाटीवर दहन झालं. गर्दी दोन लाखांची होती, असा आकडा सहसा दिला जातो. नेहरू त्या दिवशी मुंबईत होते. आत्मचरित्रात ते असं लिहितात की जणू दहा लाखांची सगळी मुंबईच रस्त्यावर आली होती. पण हे आत्मचरित्र त्यांनी 1934-35 मध्ये तुरुंगात लिहिलं, म्हणजे घटनेनंतर चौदा-पंधरा वर्षांनी. त्यातली 'सगळी मुंबई' ही शिरगणती नाही, आठवण आहे. आठवण म्हणून वापरा, छानच आहे. ब्राह्मणेतर चळवळीतली कितीतरी माणसं तेव्हा टिळकांच्या राजकारणाच्या विरोधात उभी होती. त्यांचा तो आठवडा कसा गेला? नुसता 'केसरी' वाचून हे कळायचं नाही. 'विजयी मराठा', 'मूकनायक' अशी त्या काळातली पत्रं शेजारी ठेवूनच वाचावी लागतील.

गर्दीच्या आकड्यांसाठी एक साधी युक्ती आहे. हर्बर्ट जेकब्स नावाच्या अमेरिकन पत्रकारितेच्या प्राध्यापकाने 1960 च्या दशकात ती बसवली: जागेचं क्षेत्रफळ काढा आणि माणशी किती जागा ते बघा. दाट गर्दीत माणशी साडेचार चौरस फूट, अगदी चेंगराचेंगरीच्या गर्दीत अडीच. दादरचं शिवाजी पार्क सुमारे 28 एकर, म्हणजे 12 लाख 20 हजार चौरस फुटांच्या आसपास. भागाकार केला तर दाट गर्दीत पावणेतीन लाखांच्या आत, आणि हलताही येणार नाही अशा गर्दीत पाच लाखांच्या आत. तेही मंच, चौथरा, मोकळे रस्ते काहीही न वगळता. रस्त्यावरची गर्दी वेगळी धरावी लागते, लोक येत-जात असतात, हे सगळं मान्य. पण 'मैदानात दहा लाख' असं कुणी लिहिलं असेल तर ते वाक्य तुमच्या प्रबंधात जसंच्या तसं जाता कामा नये. 2022 च्या 6 फेब्रुवारीला याच मैदानात लता मंगेशकरांचा अंत्यविधी झाला. पुढच्या विद्यार्थ्यांसमोर त्याचेही निरनिराळे आकडे येतीलच.

याच मैदानावर 18 नोव्हेंबर 2012 ला बाळासाहेब ठाकरे यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. मुंबई बंद होती. त्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारणारी पोस्ट टाकली, तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली, आणि दोघींना अटक झाली. तिच्या एका नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 अ विरुद्ध श्रेया सिंघल यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 24 मार्च 2015 ला ते कलमच रद्द झालं.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे प्रकरण साधनांच्या अंगाने बघावं. त्या दिवशी शोकात सामील न झालेले लोक कागदावर कुठे दिसतात? ससेक्ससारख्या निवांत रोजनिशीत नाही, तर पोलिसांच्या नोंदीत आणि न्यायालयाच्या निकालात. म्हणजे आपल्याकडे वेगळं मत सापडतं ते बहुतेक वेळा त्याची किंमत मोजली गेल्यावरच. आणि ज्यांनी हे प्रकरण पाहून आपली पोस्ट लिहिण्याआधीच पुसली, ते कुठल्याच कागदावर नाहीत. कर्तव्य म्हणून शोक, हे दुर्खीमचं म्हणणं इथे पुस्तकी राहत नाही.

मग अशा लोकांपर्यंत पोचायचं कसं? मुलाखती घेऊन. पण 'तुम्हाला काय वाटलं' हा प्रश्न आधी विचारू नका. इतक्या वर्षांनी सगळ्यांनाच वाईट वाटलेलं असतं. त्या दिवशी काय केलंत ते विचारा. जेवण कधी झालं, दूध मिळालं का, लोकल पकडली का, घरात टीव्ही चालू होता की मुलांनी मधेच चॅनेल बदललं. दुकानदार भेटला तर शटर किती वाजता खाली ओढलं ते विचारा, आणि ते त्याने आपणहून ओढलं की कुणी येऊन सांगितल्यावर.