कोल्ह्यासाठी कुठली बंदूक? कणकुंबी भागातल्या राखणीच्या बंदुकीविषयी

रानडुकरांच्या उपद्रवाचा विषय निघाला की आपल्या बैठकीत कुणीतरी हमखास विचारतं, पूर्वी लोक कोल्ह्यासाठी वेगळी आणि डुकरासाठी वेगळी बंदूक वापरत होते काय? प्रश्न साधा वाटतो. पण मला वाटतं, कणकुंबीच्या शेतकऱ्यापुढं बंदूक निवडण्याचा प्रसंग फारसा आलाच नाही. ती निवड कायद्यानं केली आणि उरलेली पावसानं. त्याच्या हातात राहिलं ते एवढंच, की नळीत काय ठासायचं.

आधी कायद्याचं बघू. १८५७ च्या नोव्हेंबरात मुधोळ संस्थानातल्या हलगलीचे बेडर उठले ते हत्यारं जमा करण्याच्या हुकमाविरुद्ध. पुढच्या वर्षी नरगुंदला भास्करराव भावे उठले. त्याच्याही आधी, १८३१ मध्ये, आपल्याच खानापूर तालुक्यात नंदगडला संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिलेली. अशा मुलखात सरकार रयतेच्या हाती बंदूक खुशीनं ठेवील, हे शक्य नव्हतं. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि बंदुकीला लायसन लागू लागलं. गंमत अशी, की आज आपण ज्या राज्यात आहोत त्याच राज्यातल्या कोडगूच्या कोडव लोकांना आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना या लायसनातून सूट मिळाली. ती सूट अजून चालू आहे. २०१९ मध्ये केंद्रानं ती २०२९ पर्यंत वाढवली. कणकुंबीचं रान कोडगूच्या रानापेक्षा काही कमी दाट नाही, पण आपल्या वाट्याला ती सूट आली नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा झाला, तो १९६२ पासून अमलात आला. त्यात पिकाच्या राखणीसाठी बंदूक कुठली, हे लिहूनच ठेवलंय: ठासणीची. ती पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे बहुधा बारा बोर. (बारा बोर म्हणजे त्या नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या १२ गोळ्यांचं वजन एक पौंड, नळीचं माप इंचात नाही, वजनात.) राखणीच्या या कलमात रायफल कुठंच बसत नाही.

ठासणीची बंदूक भरायची म्हणजे नळीच्या तोंडातून आधी दारू, वर चिंधी किंवा काथ्या, मग छर्रे, पुन्हा चिंधी, आणि प्रत्येक थर गजानं ठासायचा. शेवटी घोड्याखालच्या बोंडावर टोपी बसवायची. बार एकच. चुकला तर पुन्हा भरेपर्यंत जनावर पार रानात. आणि मलप्रभा जिथं उगम पावते त्या गावाला पाऊस किती, हे आपल्याला सांगायला नको. दारू दमट झाली की टोपी फुटते, पण बार निघत नाही. भाताची राखण ऐन ओल्या दिवसांत, आणि बंदूक मात्र कोरड्या हवेची! चुलीवरच्या उबेत दारूचं शिंग टांगण्याचा उपाय ऐकायला बरा वाटतो, पण त्यात घर पेटण्याची भीती होतीच.

आता छर्रे. डुकराला जाड आणि मोजकेच लागतात, काडतुसाच्या भाषेत एसजी. कोल्हा अंगानं हलका, आठ-दहा किलोचा; त्याला बीबीसारखे चार मिलिमीटरच्या आसपासचे बारीक आणि जास्त छर्रे पुरतात. ठासणीच्या बंदुकीत हा हिशेब मुठीवर आणि सवयीवर. पण रात्री माळ्यावर बसलेल्या माणसाला पुढं कोण येणार हे ठाऊक नसतं. भरलेला बार काढून दुसरा भरणं म्हणजे खटाटोप, म्हणून नळीत डुकराचाच बार असणं शहाणपणाचं. कोल्ह्यासाठी छर्रा न घालता नुसत्या दारूचा बारही पुरेसा, कारण आवाजानंच तो पळतो. तसाही कोल्हा पिकाचा मोठा शत्रू नव्हे. तो खेकडे, उंदीर खातो, कोंबडी किंवा करडू लांबवतो. शेत उकरतो तो डुक्कर.

अमेरिकेत कोल्ह्याचा भाऊबंद कोयोटी आहे. त्याच्यासाठी तिथले शिकारी पॉइंट २२३ की पॉइंट २४३ असा वाद घालतात, कारण मोकळ्या माळावर दोन-तीनशे यार्डांवरून नेम धरायचा असतो. आपल्याकडं रान, खाचर आणि शेजारचा माळा यांत हाकेचं अंतर. साधी पॉइंट २२ ची गोळीसुद्धा दीड किलोमीटर जाऊ शकते. छर्ऱ्याचा जोर तेवढ्या लांब टिकत नाही. तेव्हा सरकारनं भीतीपोटी जी बंदूक दिली, ती शेजाऱ्याच्या जिवाच्या दृष्टीनं बरीच म्हणायची. हे मी कौतुकानं म्हणत नाही, पण आहे ते असं आहे.

पुढं जनावराचाच कायदा बदलला. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, २०११ मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झालं, आणि २०२२ च्या दुरुस्तीनं कोल्हा पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला, जाऊन बसला. म्हणजे बंदुकीचं लायसन पीक राखण्याचं, पण जनावरावर बार टाकायला परवानगी वेगळी, दुसऱ्या खात्याची. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करा, निकालानंतर सोडवून आणा. त्या दिवसांत राखणीला उरतात डबे, फटाके आणि कुत्री.