रंजक-निष्कासन, प्रथिनजन्य अधिशोषकांनी : सामूचा परिणाम

पाण्यात विरघळलेला रंजक लोकर, कोंबडीची पिसे, रेशीम, अंड्याच्या कवचाखालचा पापुद्रा अशा प्रथिनयुक्त पदार्थांच्या पृष्ठभागावर धरून ठेवला की पाणी निवळते. हा रंजक किती धरला जाईल, हे बहुतांशी पाण्याच्या सामूवर (pH वर) ठरते.

कार्यकारण : प्रथिनात अमाइन आणि कार्बॉक्सिल असे दोन्ही गट असतात. आम्लात अमाइन गट प्रोटॉन घेऊन धनभारित होतात. सामू वाढला की कार्बॉक्सिल गटांचा ऋणभार वरचढ ठरतो. दोहोंची बरोबरी होते तो समविद्युत् बिंदू. दुधातल्या केसिन या प्रथिनाचा तो ४.६, आंबलेले दूध याच सुमारास फाटते. लोकरीचाही ५ च्या आसपास आहे. म्हणून सल्फोनेट गट असलेले ऋणभारित रंजक साधारण २ ते ४ सामूला उत्तम बसतात, तर मेथिलिन ब्ल्यूसारखे धनभारित रंजक समविद्युत् बिंदूच्या वर. लोकर रंगवताना कुंडात आम्ल घालतात त्यामागेही हेच रसायन आहे. हायड्रोजन बंध व जलविरोधी आकर्षण यांचा वाटा किती, याबाबत एकमत नाही.

मापनातील दोष : काँगो रेड आम्लात निळा पडतो; मेथिल ऑरेंज ३.१ च्या खाली लाल, ४.४ च्या वर पिवळा असतो. एका सामूला काढलेला प्रमाण-आलेख दुसऱ्या सामूच्या नमुन्याला लावला, तर रंग न निघताही ‘निघाला’ असे दिसते. कोरा नमुना, म्हणजे अधिशोषक न घातलेले त्याच सामूचे रंजकद्रावण, शेजारी ठेवून मोजणे आवश्यक. प्रकाशित टक्केवारी वाचताना आधी हे पाहावे.

कृष्णाखोरे : कृष्णेच्या खोऱ्यात रंगीत सांडपाण्याचा प्रश्न मुख्यतः पंचगंगाकाठच्या इचलकरंजीचा. तेथे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. सुती कापडाला रिअ‍ॅक्टिव्ह रंग सोडा अ‍ॅश व मीठ घालून, बऱ्याच क्षारीय कुंडात चढवतात; न चिकटलेला रंग सांडपाण्यात जातो. तो ऋणभारित असतो आणि त्या सामूला प्रथिनही ऋणभारित, त्यामुळे दोघे एकमेकांना दूर लोटतात. आम्ल घालून सामू ३ वर आणायचा, तर आधी कार्बोनेट खर्ची पडते. पुढे नदीत सोडण्यापूर्वी चुना घालून पाणी पुन्हा विहित मर्यादेत न्यावे लागते. प्रयोगशाळेतला आदर्श सामू गटारातल्या पाण्याच्या नेमका उलट्या टोकाला आहे. शोधनिबंधांत या खर्चाचा हिशेब क्वचितच असतो. अधिशोषकांचा कच्चा माल मात्र येथे आहे : पिसांचा मुख्य घटक केराटिन हे प्रथिन. कुक्कुटपालनाच्या या पट्ट्यात ती विपुल मिळतात. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकरही धनगरवाड्यांवर असते.

पुनर्वापर : सौम्य क्षाराने धुतल्यास ऋणभारित रंजक सुटतो. तीव्र, गरम कॉस्टिक सोड्यात केराटिनच विरघळते.